कुत्रा एक, मालकाच्या जोखमीवर

आमच्या चाळीत दूधवाला सगळ्यांकडे यायचा, पण त्याच्या येण्याची नोंद एकाच घरात व्हायची. 'दूध – सात मिनिटे उशीर. कारण – म्हैस.' अशी ओळ काळ्या शाईने एका लांबट वहीत पडायची. खाली 'पाऊस – आला नाही', 'शेजारचे मास्तर – शाळेस वेळेवर रवाना' असंही असायचं. शेजारचा मास्तर म्हणजे मी. सन तीसच्या आगेमागे मी सोलापुरात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो आणि स्टेशनजवळच्या चाळीत खोली घेतली. वही लिहिणारे गृहस्थ माझ्या भिंतीपलीकडे राहत. निवृत्त रेल्वे गार्ड. सगळी चाळ त्यांना गार्डकाका म्हणायची.

गार्डाला नोकरीत प्रत्येक गाडीची वही लिहावी लागते. कोणतं स्टेशन, किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर का झाला. काकांनी ती तीस वर्षं इंग्रजीत लिहिली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून मराठीत सुरू केली. गाडी नव्हती, म्हणून चाळीची लिहायला लागले.

त्यांच्याकडून कुणी जायला निघालं की ते दारात उभे राहत, घड्याळ काढत आणि तो माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत हात वर धरून ठेवत. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. मिलचा भोंगा झाला की सगळं गाव आपली घड्याळं लावून घ्यायचं. काका मात्र स्वतःचं घड्याळ बघून भोंग्याला नापास करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात एक खाट, एक पत्र्याची पेटी, फिरकीचा तांब्या आणि कुत्रा.

कुत्रा तांबडा, एका कानाने फाटका, शुद्ध गावठी. रेल्वेच्या यार्डात जन्मलेला आणि काकांच्या मागे मागे घरी आलेला. काका अक्कलकोटकडचे, घरची भाषा कानडी. आमच्याशी ते मराठी बोलत आणि कुत्र्याशी कानडी. 'बा' म्हटलं की तो यायचा. भाकरी घालून झाली की काका 'साकु' म्हणत, म्हणजे पुरे, आणि तो मुकाट्याने बाजूला व्हायचा. नाव काही ठेवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, कुत्र्याच्या तिकिटावर नाव लिहीत नाहीत, नुसतं 'कुत्रा एक' लिहितात.

या कुत्र्याला उन्हाळ्यात महाबळेश्वरला न्यायचं, हा काकांचा बेत होता. सोलापूरचा उन्हाळा मी सांगायला नको. चैत्रातच पत्रे तापतात आणि वैशाखात माणूस भिंतीला टेकायला भितो. पण या कुत्र्याला त्याचं काही वाटत नव्हतं. भर दुपारी तो गल्लीच्या मधोमध आडवा पडून झोपायचा आणि टांगेवाल्याला घोडा थांबवून खाली उतरावं लागायचं. 'गार्डसाब, तुम्हारे कुत्ते को पहाड का क्या काम?' असं तो दरवेळी विचारायचा. चाळीतही सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचो, कारण बेतातला लिखाणाचा भाग माझ्या गळ्यात पडला होता.

महाबळेश्वरच्या बंगलेवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना इंग्रजीत पत्रं लिहायची होती. पत्रात सतरा प्रश्न. कुत्रा चालेल का? व्हरांड्याचं तोंड कोणत्या दिशेला? दाराची कडी जमिनीपासून किती उंच आणि ती आतून लागते की बाहेरून? पाणी विहिरीचं की नळाचं? बाजूच्या बिऱ्हाडांची हरकत आहे का? बिबट्या येतो का, आणि येत असला तर साधारण किती वाजता? हा शेवटचा प्रश्न मी गाळला होता. काकांनी पत्र वाचून घेतलं, सोळाच मोजले आणि परत दिलं.

उत्तरं यायची ती वाचण्यासारखी असायची. एकाने लिहिलं, साहेबलोकांचे कुत्रे नेहमीच येतात, आपला कोणत्या जातीचा? काकांनी मला 'गावठी' एवढंच लिहायला लावलं. पुढे त्याचं पत्र आलं नाही. दुसऱ्या एकाने कळवलं की कुत्रा चालेल, मालकांनी मात्र बाजारात सोय पाहावी. असे दोन हंगाम गेले. शेवटी बाजारपेठेत खोल्या भाड्याने देणाऱ्या एका विधवा बाईंचं मोडीत कार्ड आलं. त्यांनी सतरा प्रश्नांना एका ओळीत उत्तर दिलं होतं. 'कुत्र्यास घेऊन यावे, दिवेलागणीस आत घ्यावे, बिबट्या येतो.' काकांनी ते कार्ड तीनदा वाचलं आणि वहीत नोंद केली.

मग प्रवासाची तयारी सुरू झाली. आगगाडीत कुत्र्याला माणसांच्या डब्यात बसू देत नसत. गाडीच्या शेवटी गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात कमरेइतक्या उंचीचा एक पेटारा असे, त्याला जाळीचं दार आणि बाहेरून कडी. कुत्रा त्यात जायचा. स्टेशन आलं की मालकाने आपल्या डब्यातून उतरून ब्रेकपर्यंत जायचं, त्याला पाणी पाजायचं आणि गाडी सुटायच्या आत परत यायचं. गार्डाने पेटाऱ्याला हात लावायचा नाही. तिकिटावर छापलेलंच असे, 'मालकाच्या जोखमीवर'.

काकांनी कोणत्या स्टेशनावर गाडी किती मिनिटं थांबते, तेव्हा ऊन ब्रेकच्या कोणत्या अंगाला असेल, हे सगळं लिहून काढलं. नंतर सराव सुरू झाला. नळापासून त्यांच्या दारापर्यंत चार डब्यांइतकं अंतर होतं, असं त्यांचं माप. वय साठीच्या पुढचं, उजवा गुडघा सुजलेला. हातात भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन ते नळापाशी उभे राहत, मी घड्याळ बघून हात खाली करायचा, की ते पळत सुटत. दाराशी कुत्र्याला पाणी दाखवायचं आणि परत नळापर्यंत. नळावरच्या बायका घागरी बाजूला घेऊन वाट देत आणि पदर तोंडाला लावून हसत.

एक दिवस मलाही हसू आवरलं नाही. काका मध्येच थांबले. रागावले नाहीत. तांब्या खाली ठेवला, मला खोलीत नेऊन खाटेवर बसवलं आणि पेटीतून घडी घातलेला एक कागद काढला. तो कागद चाळीत सगळ्यांना माहीत होता, कारण नव्या माणसाला ते तो दाखवतच. मी मात्र तोपर्यंत नीट वाचला नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वी, असाच वैशाख, काकांनी आता ठरवली होती तीच सकाळची पुण्याची पॅसेंजर. एक साहेब थंड हवेला निघाला होता. तो फर्स्ट क्लासात, त्याचा केसाळ कुत्रा काकांच्या ब्रेकमधल्या पेटाऱ्यात. कुर्डुवाडीला साहेबाने त्याला पाणी पाजलं. जेऊरला साहेब उतरलाच नाही, झोपला होता म्हणे. गाडी सुटली आणि कुत्रा आत नखं मारायला लागला. थोड्या वेळाने नखं थांबली, नुसतं धापणं ऐकू येत होतं. काका समोरच्या बाकावर बसले होते. त्यांचा फिरकीचा तांब्या त्यांच्या दोन पायांमध्ये भरलेला होता. पेटाऱ्याला कुलूप नव्हतं, कडीच होती. पण नियम असा की मालकाशिवाय उघडायचा नाही. मधल्या स्टेशनांवरही साहेब आला नाही. दौंडला आला, त्याने कडी काढली. कुत्रा गेलेला होता.

साहेबाने तक्रार केली, चौकशी झाली. त्या कागदावर निकाल होता, की गार्ड नियमाप्रमाणे वागले, त्यांच्याकडे दोष नाही.

"बघा की," काका कागदावर बोट ठेवून म्हणाले. "दोष न्हाय म्हणून लिवलंय. नियम हुता. मी काय करणार?"

मी म्हणालो, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार? मग विचारलं, की तसं असेल तर हा खटाटोप कशाला? आणि न्यायचंच असेल तर दिवाळीनंतर थंडीत न्या, म्हणजे कुत्र्याला त्रास नाही.

"थंडीत कुणी बी नेईल, मास्तर. मला वैशाखातच न्यायचंय. त्याच गाडीनं, त्याच पेटाऱ्यात. मालकानं आपलं काम नीट केलं, तर गार्डानं हात न लावता कुत्रं जित्तं पोचतंय, एवढं मला बगायचंय."

त्यानंतर मी सरावात हसलो नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर जायला तयार झालो. त्यांना एकट्याला पाठवायला मन घेईना.

वैशाखातल्या त्या सकाळी टांगेवाल्याने कुत्र्याला माणसासारखं मागच्या बाकावर बसवून स्टेशनवर आणलं. बरोबर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दोन तांबे. ब्रेकवर एक तरुण गार्ड होता, जेमतेम तिशीचा, माढ्याकडचा. काका कोण हे कळल्यावर त्याने उठून नमस्कार केला. काकांनी स्वतः कुत्र्याला पेटाऱ्यात घातलं, स्वतः कडी लावली, दोनदा ओढून पाहिली. कुत्रा जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिला. इतकं भरवशाने बघणारं जनावर आपण कुठे घेऊन चाललोय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मोहोळला काका उतरले, पळाले, पाणी पाजून परत आले. तांब्यातलं पाणी सांडलं नव्हतं. माढ्याला दोनच मिनिटं होती, तरी जमलं. मी दारातून हात देऊन त्यांना वर ओढलं. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. काकांनी कुत्र्याचं डोकं भिजवलं, वहीत वेळ लिहिली आणि खुशीत मला चटणी-भाकरी वाढली. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

मग ऊन चढलं. खिडकीची फळी हाताला चटके द्यायला लागली. जेऊर आलं तेव्हा फलाटावर कसल्याशा बाजाराची गर्दी होती. गाडी थांबते न थांबते तोच दहा-बारा माणसं गाठोडी घेऊन आमच्याच दारातून आत घुसली. काका तांब्या डोक्यावर धरून 'वाट द्या की, वाट द्या' म्हणत होते. त्या रेट्यात त्यांचा उजवा गुडघा दुमडला आणि ते खाली बसले. मी त्यांना उचलेपर्यंत शिट्टी झाली.

मी साखळीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"साखळी न्हाय वडायची. कुत्र्यासाठी साखळी वडत न्हाईत."

गाडी चालू झाली. काका बाकावर बसले, भरलेला तांब्या दोन पायांमध्ये ठेवला आणि समोरच्या फळीकडे बघत राहिले. मला ती जागा कळली. जेऊरच्या पुढचाच तो रस्ता, तोच महिना, तीच वेळ, आणि तांब्याही तसाच भरलेला. मी काहीबाही बोलत होतो, की आपला गावठी आहे, उन्हातच वाढलाय, त्याला काही होत नाही. त्यांच्या कानात शिरत नव्हतं. ओठ हलत होते. ते मिनिटं मोजत होते.

पुढच्या स्टेशनावर गाडी पुरती थांबायच्या आधी ते उतरले. लंगडत, भिंतीसारख्या तापलेल्या डब्यांना हात लावत ब्रेकपाशी पोचले. मी मागोमाग. पेटाऱ्याचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

काकांनी आत हात घालून चाचपलं. तेवढ्यात शेपटी फळीवर आपटल्याचा आवाज आला. कुत्रा तरुण गार्डाच्या पायाशी, दारातल्या वाऱ्यावर पसरला होता. कान ओले, समोर पितळी भांडं, त्यात थोडं पाणी उरलेलं.

"कुणी सांगितलं तुला?" काकांनी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे, साहेब? आत भाजत हुतं त्ये. जेऊरला तुमी दिसला न्हाय, म्हणून काडलं भाईर."

"नियम हाय."

"नियम हाय की. पर कुत्रं बी हाय."

मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. मी कुत्र्याला थोपटत होतो, हसत होतो. काका पेटाऱ्यापाशीच उभे होते. त्यांनी कडी हातात घेतली, एकदा लावली, एकदा काढली. मग अगदी हळू विचारलं, की ही काढायला तुला किती वेळ लागला.

तो बुचकळ्यात पडला. "कडीला कसला वेळ लागतोय, साहेब?"

काकांनी मान हलवली. तांब्या त्यांच्या हातात तसाच होता, काठोकाठ. परत डब्यात येऊन बसल्यावर त्यांनी वही काढली, पेन्सिल धरली आणि काही न लिहिता मिटून ठेवली. मी म्हणालो, काका, कुत्रा सुखरूप आहे, आता काय? ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, माजा तांब्या बी भरलेला हुता."

पुण्याहून पुढचा मोटारीचा प्रवास कसा झाला, मला फारसं आठवत नाही. महाबळेश्वरला त्या बाईंनी आमचं चांगलं केलं. काकांनी आठ दिवसांचा कार्यक्रम लिहून आणला होता, सकाळी कोणत्या पॉइंटला जायचं, कुत्र्याने कुठे बसायचं, सगळं. त्यातलं काही झालं नाही. कुत्रा थंडीने कुडकुडायचा आणि बाईंच्या चुलीपुढून हलायचा नाही. काका दिवसभर व्हरांड्यात बसून असायचे. समोर दरी, धुकं, जांभळाची झाडं. मी एकदा म्हटलं, बघा तरी. ते म्हणाले, बघतोय. तिसऱ्या दिवशी बाईंनी चहा आणून दिला तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "साकु. परत जाऊ." तो शब्द माणसाशी बोलताना मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

परतीच्या गाडीत त्यांनी कुत्र्याला पेटाऱ्यात घातलं आणि कडी लावलीच नाही. या गाडीचा गार्ड दुसराच होता. त्याने पाहिलं आणि कागदात डोकं घातलं.

त्यानंतर काका बदलले. वही बंद झाली. दूधवाला हवा तेव्हा यायला लागला आणि कुणी लिहिना. पाहुणा निघाला की काका आतूनच 'बरं' म्हणत. चाळीत एक नवं बिऱ्हाड आलं. त्यांना कागद दाखवतील म्हणून आम्ही वाट पाहिली. दाखवला नाही. आम्हाला हसायला काही उरलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. मी त्यांना किती वेळा समजावलं असेल, की तो काळ वेगळा होता, साहेबाचा कुत्रा होता, कडी काढली असती तर नोकरी गेली असती. ते ऐकून घेत. एकदा म्हणाले, "व्हय, नोकरी गेली असती." वादच घातला नाही.

दोन वर्षांनी ते खाटेला लागले. छातीत पाणी झालं होतं. शाळा सुटली की मी जाऊन बसायचो. अशाच एका संध्याकाळी, उन्हं अजून भिंतीवर असताना, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मास्तर, त्या गार्डाला तुमी काय सांगितलं हुतं का? सोलापुरात, गाडी सुटायच्या आदी?"

मी काही सांगितलं नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ते का विचारतायत हे मला लख्ख कळलं. त्या पोराने दुसऱ्याच्या सांगण्यावरून कडी काढली असेल, तर कोणताच गार्ड आपण होऊन काढत नाही, असं होतं. मग काकांनीही काढली नाही, यात काही वेगळं राहत नव्हतं. त्यांचा कागद पुन्हा खरा होत होता. माणूस जायला निघालाय, त्याला एवढं द्यायला काय हरकत आहे, असा विचार करून मी त्या पोराचं पुण्य काढून घेतलं.

"हो," मी म्हणालो. "मीच सांगितलं होतं. गरम झालं तर बाहेर काढ म्हणून."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले.

"लेखी दिलं हुतं, का तोंडी?"

मी गोंधळलो. लेखी म्हटलं तर कागद कुठला, कुणाच्या सहीचा, असं ते विचारणार. "तोंडी," मी म्हणालो.

त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"तोंडी सांगण्यावर गार्ड नियम मोडत न्हाय, मास्तर. म्हंजी त्येनं आपल्या मनानंच काडली." धाप लागली म्हणून ते थांबले. "बरं झालं. कुणीतरी काडली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. खोटं पकडलं गेल्याची लाज वाटली नाही, उलट सुटल्यासारखं झालं. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. वारा येतो म्हणून मी ते लोटून आतून कडी लावली होती आणि कुत्रा बाहेरून नखं मारत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "कडी काडा."

मी उठून काढली.